दाजींच्या वाटीतली भूछत्रं

आमच्या दाजींइतका खाली बघून चालणारा माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, पण निवृत्त झाला तो फक्त पगार. एकदा ताईला साडी घ्यायला गुलमंडीत गेले आणि दुकानाच्या पायरीवरचं शेवाळ रुमालात बांधून घरी आले. साडी राहिली ती राहिलीच. दुष्काळात नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेव्हा हे महाशय आंघोळीचं पाणी बादलीत धरून छावणीतल्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर जांभळाखालच्या पाचोळ्याला घालायचे. ताईनं बोलणंच टाकलं होतं.

एका सकाळी फोन आला, “पाव्हणं, असाल तसे या.” कुणाला काही झालं की काय म्हणून मी धावलो, तर दाजी जांभळाखाली पोटावर पालथे, डोळ्याला भिंग. कुजक्या पानावर भूछत्राची मोहरीएवढी पांढरीशुभ्र छत्री, देठ केसासारखा. मी वाकलो तर म्हणाले, “श्वास तिकडं सोडा.” अशी दोन कुळं दिसायला सारखीच; वाळवून भिजवल्यावर एक पुन्हा उमलतं, दुसऱ्याचा चिखल होतो. ओळख पटवायची घाई होती, कारण प्लॉटवर फ्लॅटची पाटी लागली होती आणि आठवड्याभरात झाड तुटणार होतं.

दाजींनी अकरा छत्र्या स्टीलच्या वाटीत दोन दिवस वाळवल्या. आता ड्रॉपरनं थेंब थेंब पाणी घालून, घड्याळ लावून टिपणं काढायची होती. तेवढ्यात नळ आला. नळ आला की आमच्याकडं घरातलं एकही भांडं रिकामं राहत नाही. ताईनं हंडे भरले, पातेली भरली, आणि ओट्यावरची ती वाटीही भरली. दाजी डोकं धरून मटकन खाली बसले. मी धीर करून वाटीत डोकावलो, तर काय सांगू, अकराच्या अकरा छत्र्या टम्म उघडून तरंगत होत्या! दाजींनी माझ्यादेखत ताईचे ओले हात हातात घेतले. “बाई, लई नामी काम केलंस,” म्हणाले. ताई लाजली आणि घागर भरायला पळाली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

कुळ कळलं, पण नाव राहिलं. दाजींनी पुण्याच्या एका जाणकारांना टिपणं पाठवली होती, त्यांचं उत्तर आलं: हे आमच्या पाहण्यातलं नाही, ताजे नमुने पाठवा. तोवर जांभूळ आडवं झालं होतं आणि पाचोळा ट्रॅक्टरमधून गेला होता. आम्ही दोघं पत्र्याच्या कुंपणापाशी उभे राहिलो. दुसरीकडं सापडेल, असं मी म्हणून बघितलं.

“सापडंल की,” दाजी म्हणाले. “पण नाव कळलं असतं, तर इथून काय गेलं ते तरी कुणाला सांगता आलं असतं.”