डॉक्टरांची गाडी कुठे बंद पडायची

दवाखान्यात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. पन्नासच्या दशकात मी धानोऱ्याकडच्या जंगलात एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमचे निम्मे किस्से एका मोटारसायकलनेच घडवले! लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेली ती गाडी मोघे डॉक्टरांनी हौसेने घेतली होती. पुढे डॉक्टर, मागे औषधांची पेटी घेऊन मी. चालता चालता ती दम सोडायची आणि बंद पडायची. तुम्हाला हसू येईल, मला येत नसे. माझी धाकटी बहीण कमल त्याच जंगलापलीकडे दिलेली, पहिलटकरीण. बैलगाडीला तिकडे जायला दिवस लागायचा. तिची वेळ आली तर डॉक्टर पोचवणारी ही एकच गाडी होती.

*

एकदा परतताना भर बांबूच्या रानात बंद पडली. आधी ओढ गेली, मग आवाज मंदावला, मग काहीच नाही. डॉक्टरांनी प्लग काढून पुसायला घेतला. तेवढ्यात नाल्यापलीकडे वानरं खेकसायला लागली. तशी ती वाघ दिसल्यावरच खेकसतात.

"साहेब, लवकर!"

"वाघाला सांग, प्लग बसवतोय!"

किक मारली, सुरू! तेव्हापासून डॉक्टरांनी ठरवूनच टाकलं, दोष प्लगचा.

*

डॉक्टर मोठे कडक. पेशंट वाचला की बाया ताट घेऊन यायच्या. डॉक्टर डोक्यावरची हॅट भुवयांपर्यंत ओढून ओरडायचे, "मी देव नाही! माझ्या कपाळाला हात लावायचा नाही!"

एका म्हातारीचा नातू तापातून उठला होता. ती हटेना. "मंग कोनाले लावू, बाप्पा? ताट तं तसंच वापस नाई नेत मी."

तिने गाडीलाच ओवाळलं! पेट्रोलच्या टाकीचं वाटोळं झाकण तिला कपाळासारखं वाटलं असावं. त्यावर ओल्या हळदकुंकवाचं बोट ओढलं, वर तांदूळ चिकटवले. तिचं बघून गावोगाव तीच रीत पडली. आपल्यावरचं गाडीवर गेलं म्हणून डॉक्टर खूश.

*

शेवटी चांद्याहून मेकॅनिक आणला. आमचा शिपाई लच्छू गाडी रोज संध्याकाळी पुसून लख्ख ठेवायचा, तशीच ती त्याच्या हाती दिली. त्याने कार्बोरेटर खोलला, पेट्रोलची नळी फुंकली आणि दिवसभर आरमोरीच्या रस्त्याने गाडी पिटाळली. एकदाही बंद नाही!

"गाडी ठीक आहे जी," तो म्हणाला. "चालवनारा बदलून पाहा!"

त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत.

*

लच्छूचं निदान वेगळं होतं. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, ध्यान देलं का तुमी? जिथी पेशंट वाचते, तिथून येताना गाडी बंद पडते. जिथी मानूस गेला, तिथून सीधी घरी येते. तिले समजते, भाऊ."

हसत हसत मी एकेक फेरी आठवून पाहिली आणि अंगावर काटा आला. खरंच तसं होतं! पुढे आम्ही वेळेवर परतलो की लच्छू काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे करायचा.

*

मग ते अस्वल. निमोनियातून वाचलेल्या पोराच्या गावाहून येत होतो. मोहाखाली अस्वल फुलं खात बसलेलं आणि गाडी नेमकी त्याच्यासमोर बंद! डॉक्टरांनी प्लग धुवायला पेट्रोल मागितलं. मी टाकीचं झाकण फिरवलं, तर टाकीने 'फुस्स' करून हवा आत ओढली. अस्वलाने मान वर केली. डॉक्टरांनी प्लग तसाच बसवला आणि किक मारली. पहिल्याच किकला सुरू!

बरंच लांब आल्यावर डॉक्टरांनी झाकण निरखलं. त्यातलं हवेचं बारीक भोक हळदकुंकवाने गच्च बुजलेलं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. घरी आल्यावर लच्छू पुसून टाकायचा, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही.

"मी यांना बरं करायचं आणि यांनी माझ्या गाडीचा श्वास कोंडायचा!" डॉक्टर कडाडले. दुसऱ्या दिवसापासून जाऊ त्या गावात हुकूम, गाडीला टिळा बंद.

*

आणि तो दिवस. कमलच्या गावाहून माणूस धावत आला. पोर आडवं आलं होतं. मी पेटी उचलली, पण खाटेवर विंचू चावलेला माणूस तडफडत होता.

"तू याच्याजवळ थांब," डॉक्टर म्हणाले. "बाळंतिणीपाशी भाऊ नको मला."

त्या गावात आम्ही कधी गेलो नव्हतो. टिळ्याचा हुकूम तिथे पोचलाच नव्हता. दुपारभर मी एकच मागणं मागत होतो, गाडी वाटेत बंद पडू दे!

ऊन सागाच्या शेंड्यांवर गेलं आणि आवाज आला. सलग, एका दमात. गाडी कुठेही न अडखळता दारात येऊन उभी राहिली. लच्छूने आधी टाकीचं झाकण पाहिलं. वाटेची धूळ जशीच्या तशी, कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नाही. त्याने माझ्याकडे न बघता पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी पायरीवर बसलो.

डॉक्टर उतरले, गटागटा पाणी प्यायले आणि डोक्यावरची हॅट काढली. कपाळभर हळदकुंकू आणि त्याला चिकटलेले तांदूळ!

"बघतोस काय?" डॉक्टर खेकसले. "गाडी बंद पडली असती ना!"