दिलेलं नाकारायचं नसतं

फुसाएकाकूंच्या फाटकावरून रिकाम्या हातानं पुढे गेलेला यात्रेकरू मी पाहिलेला नाही. शिकोकू बेटावरची अठ्ठ्याऐंशी देवळं करणारी वाट आमच्या दोघींच्या घरांसमोरून जाते, आणि लग्न होऊन आल्यापासून काकू फाटकाशी संत्र्यांची करंडी ठेवून असायच्या. एकदा तोक्योचा एक तरुण म्हणाला, आजी नको, पाठीवर ओझं फार झालंय. काकूंनी त्याची टोपी काढली, त्यात पाच-सहा संत्री भरली आणि टोपी त्याच्याच हातात दिली.

"पोरा, तुला कोण देतंय? मी दाइशींना देतेय. तुझी पाठ दुखत असेल तर ते तू त्यांना सांग."

दाइशी म्हणजे ज्यांच्या नावानं ही यात्रा चालते ते संत; यात्रेकरूबरोबर ते स्वतः चालतात, त्याच्या हातातली काठी म्हणजे तेच, असं आम्ही मानतो. त्यामुळे वाटेवर कुणी काही दिलं, ज्याला आम्ही सेत्ताइ म्हणतो, ते नाकारायचं नसतं. काकूंचा हा दंडक सगळ्या गावाला पाठ होता. त्यांच्या दिराला, तोकुजीला, तर विशेषच.

मागच्या शरदात काकूंचे यजमान गेले. सुतक फिटण्याचा एकोणपन्नासावा दिवस झाला आणि तोकुजीनं परस्पर गावातल्या बायकांच्या यात्रा-बसमध्ये वहिनीसाठी जागा धरली. मांडीवर भावाचा फोटो घ्यायचा, देवळादेवळात त्याच्या नावानं उदबत्ती लावायची, रात्री गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं. चांगली सोय होती, यात शंका नाही. काकू म्हणाल्या, मी चालत जाणार, आणि एकटी जाणार.

त्या दिवशीचं भांडण मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. उरलेलं त्यांच्या सुनेनं, चिनामीनं, दुसऱ्या दिवशी सांगितलं. तोकुजीचं म्हणणं, एकट्या बाईनं पायी निघणं म्हणजे घरच्यांनी हाकलली असंच दिसतं. त्याच्या लहानपणी या वाटेवर एकटे चालणारे ते तसलेच असत, घराला नकोसे झालेले, महारोगी, भिकारी. काकू म्हणाल्या, दिसू दे. मुलगा योशिकी गुडघ्यांबद्दल बोलला, सापांबद्दल बोलला. शेवटी म्हणाला, आणि बाबांचा फोटो?

"तो बसनं जाऊ दे. त्यांना गाडीत बसायला आवडायचं."

"मग तू चालणार कोणासाठी, आई?"

"कोणासाठी म्हणजे? पाय माझे आहेत. या घरात आल्यापासून मी लोकांच्या हातात संत्री देतेय आणि त्यांच्या पाठी बघतेय. ते जातात कुठं, ते मला बघायचंय. आणि सगळं चालून. एक तुकडासुद्धा गाडीनं नाही."

मार्चमध्ये काकू बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या देवळाशी, जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून चालायला लागल्या. संध्याकाळी चिनामीला फोन करून एवढंच सांगायच्या, जिवंत आहे, भात झाकून ठेवत जा, मांजर फार लोचट झालंय.

चालण्याबद्दल काकूंनी मला पुढे जे सांगितलं त्यात देवळं फार कमी होती. पहिले डोंगर चढताना सुरूसारख्या उंच, सुगी नावाच्या झाडांखाली दिवसाही अंधारतं, दगडांवरचं शेवाळ इतकं जाड की काठी रुतते, आणि तिथं आपल्या श्वासाचाच आवाज लोकांनी भरलेल्या घरासारखा वाटतो, असं म्हणाल्या. मात्र त्या सगळ्या अरण्यातून त्यांच्या डोक्यात स्वयंपाक चालू होता. अकरा वाजले की भात लावायचा, योशिकीला मुळ्याचं लोणचं लागतं, यजमानांचा मासा काटे काढून. यजमान गेलेले होते तरी मासा चालूच होता.

मग तोसाचा किनारा लागला. तिथं एका देवळापासून दुसरं देऊळ दिवसच्या दिवस येत नाही. एका बाजूला कडा, एका बाजूला महासागर, आणि रस्ता. लाट आपटते, मागे जाते, गोटे खडखडतात, पुन्हा लाट. एका दुपारी काकू दगडावर बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की जेवणाची वेळ टळून गेली होती आणि त्यांनी मनात कुणालाही वाढलं नव्हतं. पिशवीतला भाताचा गोळा काढून त्यांनी सगळा एकटीनं खाल्ला. आतला खारवलेला आलुबुखारही. घरी तो नेहमी दुसऱ्याच्या वाटणीला जायचा.

पायाला फोड आले होते म्हणून बूट काढून, पाय रस्त्याकडेच्या नळाखाली धरून त्या तशाच बसल्या. ओले मोजे काठीवर वाळत घातले. आणि नेमकी तेव्हाच आमच्या गावची यात्रा-बस तिथून गेली.

बसमधल्या बायकांनी खिडकीतून जे पाहिलं ते त्याच संध्याकाळी गावात पोचलं. फुसाए भिकारणीसारखी रस्त्यावर बसली होती, पायांत काही नव्हतं, ओळखसुद्धा दाखवली नाही. तोकुजी दोन दिवस बागेत गेला नाही. तिसऱ्या दिवशी तो योशिकीला आणि योशिकीची गाडी घेऊन निघाला.

काकू तोवर आशिझुरीच्या भूशिराकडे वळल्या होत्या. तिथं वाट काही अंतर वाळूवरूनच जाते. मधे ओढा आडवा येतो, तो अनवाणी ओलांडायचा. वाळूवर त्यांच्या आधी कुणीच गेलेलं नव्हतं, फक्त लाल खेकड्यांच्या रांगोळ्या. मागं वळून आपलीच पावलं बघायला त्या चक्क थांबल्या होत्या, हे मला सांगताना लाजल्या. वाळू संपून झुडपांतून वर रस्त्याला आल्या तर चहाच्या टपरीशी ओळखीची गाडी उभी.

तोकुजी आरडाओरडा करील असं त्यांना वाटलं. त्यानं तसं काही केलं नाही. बाकावर तीन-चार यात्रेकरू बसले होते, टपरीवाली होती. त्या सगळ्यांसमोर त्यानं टोपी काढली, कमरेत वाकला, आणि ओळख नसल्यासारखा म्हणाला:

"यात्रेकरूबाई, दमलेल्या दिसता. माझ्या गाडीची सेवा घ्या. सेत्ताइ आहे, नाही म्हणू नका."

टपरीवाली म्हणाली, नशीब बघा, वाहन चालून आलं. बाकावरच्यांनी हात जोडले. योशिकी स्टिअरिंगशी मान खाली घालून बसला होता. काकूंनी दिराकडे बघितलं. आयुष्यभर ज्या दोरीनं त्यांनी दुसऱ्यांना बांधलं होतं तीच त्यानं त्यांच्या गळ्यात टाकली होती, आणि त्याला तेही कळत होतं. ओठांच्या कोपऱ्यात हसत होता.

त्या गाडीत बसल्या.

अडीच तास गाडी चालली. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तोकुजी आधी उतरला आणि त्यानं स्वतः दार उघडलं, एखाद्या नवरीला आणल्यासारखं. काकू उतरल्या. उन्हानं काळ्या पडलेल्या, गालफडं बसलेली. त्यांनी दाराकडे पाऊल टाकलं नाही. झोळीतून आपलं नाव लिहिलेली पांढरी पट्टी काढली, जी यात्रेकरू देणाऱ्याला देतो, आणि दोन्ही हातांनी दिरापुढे धरली.

"फार उपकार झाले. तुमचं सेत्ताइ पावलं."

तोकुजीला ती घ्यावी लागली. चिनामी धावत बाहेर आली तिला काकूंनी विचारलं, दक्षिणेकडची बस अजून सकाळीच आहे ना.

"आता कुठली बस, वहिनी?" तोकुजी म्हणाला.

"जिथून उचललंत तिथवर जाणारी."

"पण तुम्ही घरी आलात."

"आणली गेले. गाडी दिलीत, मी घेतली, नाकारली नाही. घेतलेल्या गाडीतून उतरून कुठं जायचं ते सेत्ताइत येत नाही, भावजी. मधल्या वाटेवर माझे पाय पडलेले नाहीत."

"हा शुद्ध हट्ट आहे."

"आहे. परत गाडी आणलीत तर मी परत बसेन. रोज आणा. रोज बसेन आणि रोज परत जाईन. पेट्रोल तुमचं, वेळ माझा. माझ्याकडे आता भरपूर आहे."

योशिकी गाडीतून उतरलाच नव्हता. तो म्हणाला, काका, पुरे.

रात्रीपुरती त्यांनी माझ्याकडे जागा मागितली. समोर स्वतःचं घर, स्वतःचं अंथरुण, आणि माझ्या दाराशी उभ्या. त्या घरात झोपले तर सकाळी भात लावूनच निघेन, म्हणाल्या, आणि एकदा भात लावला की निघणार नाही. मी बादली आणली. त्यांनी रीतीप्रमाणे आधी काठीचं टोक धुतलं, मग पाय. पायांना फोडांचे चट्टे पडले होते, नखं काळी झाली होती. पण ते पाय चांगले होते.

सकाळी त्या बसनं गेल्या. दोन बस बदलून त्याच टपरीशी उतरल्या. टपरीवालीनं विचारलं, काय बाई, गाडीत काही विसरलात का? काकू म्हणाल्या, हो, रस्ता.

मध्ये पाऊस होता. आठवड्याहून थोडे जास्त दिवस लागले असतील. मग एके दिवशी दुपारी, संत्र्याच्या फुलांचा वास गावभर पसरलेला असताना, काठीला बांधलेल्या घुंगराचा आवाज आला आणि ती टेकत काकू खालच्या वळणावरून वर आल्या. आमचं गाव वाटेच्या मध्यावर येतं. पुढची निम्मी देवळं अजून व्हायची होती.

तोकुजी आपल्या बागेत वर निघून गेला. दिसला नाही. चिनामीनं फाटकाशी चहा आणला, कुणाही यात्रेकरूला द्यावा तसा, ताटलीत. काकू दगडावर बसून प्यायल्या. योशिकी शेजारी उभा होता. त्याची नजर आईच्या बुटांवर होती, एकाचा तळ सुतळीनं बांधला होता.

"आई," तो म्हणाला, "आज रात्री..."

चिनामीनं त्याच्याकडे बघितलं. मीही बघितलं. एकदा तोंडातून निघालं असतं, रात्री इथं राहा, सेत्ताइ म्हणून, तर काकूंना राहावं लागलं असतं. आणि त्या घरात एक रात्र काय करते ते आम्हां तिघांनाही माहीत होतं. योशिकीनं तोंड मिटलं. आत गेला आणि स्वतःचे बागेतले बूट घेऊन आला. नवे होते, मागच्याच महिन्यात घेतलेले.

"मोठे होतील," तो म्हणाला. "जाड मोजे घाल."

काकूंनी ते तिथंच घातले. झोळी अडकवली, काठी घेतली, हात जोडले. खिंडीच्या दिशेनं शंभरएक पावलं गेल्या असतील, तेवढ्यात थांबल्या आणि मागं वळल्या. मला वाटलं, आता डोळे पुसतील.

"योशिकी," त्या तिथून ओरडल्या, "खालच्या बांधावर गवत गुडघाभर झालंय. झोपा काढतोस काय?"

आणि मोठे बूट फटफट वाजवत वर चढायला लागल्या.