भूपातला निषाद

रामनाम लिहून झालं की उरलेल्या पानावर दिवसाच्या चार ओळी लिहिते. आज विमलबद्दल लिहायचंय, चार ओळींत भागायचं नाही.

विमल आणि मी पेणला रघुनाथबुवांकडे बरोबरच गाणं शिकलो. ती तिथेच शाळेत शिक्षिका झाली, लग्न केलं नाही, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. मी लग्न होऊन इथे रोह्याजवळच्या अष्टमी गावात आले. तिचा गळा गोड, पण गाताना भान सुटायचं. मी कधी चुकले नाही. त्यावर बुवा म्हणायचे, "अनसूया, तू चुकत नाहीस हीच तुझी पंचाईत." आणि विमलकडे बघून हसायचे.

अडुसष्ट साली बुवांची रेकॉर्ड निघायची ठरली. मागे तंबोऱ्यावर बसून गायला मी जाणार होते. लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं. आदल्या दिवशी नेमकी बाहेरची झाले. बुवांच्या तंबोऱ्याला रोज फूल वाहिलं जायचं, त्याला शिवायचा प्रश्नच नव्हता. विमल गेली.

आणि केलं काय? भूप रागात निषाद हा स्वर येतच नाही, तिथे बाईनं खुशाल निषाद लावला. बुवा हसले, "हं, विमल!" म्हणाले आणि पुढे गाऊ लागले. रेकॉर्डवर सगळं उतरलं. कव्हरवर साथीदारांची नावं छापलीच नाहीत, पण ती चुकली म्हणून तिचं नाव बुवांच्या तोंडून राहिलं. मी बरोबर गायले असते, तर मी होते हे कुणाला कळलंही नसतं. आमच्या सासूबाईसुद्धा म्हणायच्या, "ती हं-विमलवाली लाव गो." तीस वर्षं जळले.

आज एकादशी. विमल पेणहून एसटीनं आली ती हातात सीडी घेऊन. बुवांचं तेच गाणं कंपनीनं नव्यानं काढलंय.

"अनू, मला काढून टाकलंनी गो."

"म्हणजे?"

"निषाद गेला, बुवांचं हसणं गेलं. एक आख्खं आवर्तन कापलंय. सम जिथल्या तिथं, कुणाला कळायचं पण नाय."

"चूक गेली ते बरंच झालं की," मी म्हटलं. खोटं कशाला लिहू, मनात पेढे वाटले.

"चूक जाऊ दे. पण रेकॉर्ड निघाली त्याच पावसाळ्यात बुवा गेले. त्यांची हाक तेवढीच होती माझ्याकडे. माझी रेकॉर्ड पुराच्या पाण्यात गेली." मग खाली बघत म्हणाली, "तुझी फुटली म्हणाली होतीस. खरंच फुटली गो?"

समोर देवापुढे समई तेवत होती. उपासाच्या दिवशी तेच खोटं पुन्हा कसं बोलायचं?

"नाय फुटली."

देवघराच्या फडताळातून, पोथ्यांच्या मागून रेकॉर्ड काढली आणि लावली. विमल मांडीवर ताल धरून बसली. निषाद आला. "हं, विमल!"

"ओ," विमल म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच साबुदाणा परतला.

जाताना तिनं विचारलं, "नेऊ का ही?"

"नाय. ऐकायची तर दर एकादशीला इथे यायचं. फराळाचं मी करीन."

"मेले, अजून जळतेस?"

"व्हय."

हसत हसत पिशवी उचलून गेली. पुढच्या खेपेला तिला रेकॉर्डला हात लावू द्यायचा नाही. घाईनं सुई टाकते, नेमका त्याच जागी चरा पडायचा. सुई मीच ठेवीन.