कार्डावरची एकवीस नावं

"मेंढरं किती?" असं कुणी विचारलं की कासाबाईचं डोकं फिरायचं. "लेकरं मोजीत असत्यात व्हय कुनी?" म्हणायची आणि चालू लागायची. मोजत नसली तरी संध्याकाळी एखादं कमी भरलं तर ते नेमकं कोणतं, हे तिला मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशीच कळायचं. मेंढरं अडतीस होती हे मला ठाऊक, कारण मी बालवाडीची बाई. मोजणं हा माझा धंदाच होता.

आमचं गाव पोखर्णीपासून दीड कोसावर. कासाबाईचा नवरा येडबा साप चावून गेला तेव्हा दीर म्हणाला, मेंढरं वाटून घेऊ, बाईमाणसाला जमायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं काठी उचलली आणि कळप घेऊन रानात गेली, ती पुढं दहा वर्षं जातच राहिली. उन्हाळ्यात तिचा कळप आपल्या वावरात बसावा म्हणून मोठमोठे बागाईतदार तिच्या दारात येऊन "कासामाय, कासामाय" करत. फुकटात लेंडीखत पडायचं ना! वावर तयार झालं की कासामायची परत धनगराची कासी व्हायची. गरज सरो नि वैद्य मरो ही म्हण आमच्या गावानं जशी पाळली तशी दुसऱ्या कुणी पाळली नसेल.

ग्रामपंचायतीचा रेडिओ चावडीत लाकडी पेटीत असे. पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली बन्सीधररावांच्या करदोट्याला. बन्सीधरराव म्हणजे गावच्या श्रोता मंडळाचे अध्यक्ष. रोज संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा आणि दर बुधवारी त्यात पत्रांची उत्तरं असायची. मंडळ रेडिओला पोस्टकार्ड पाठवायचं आणि ते मी लिहायची, कारण माझं अक्षर बारीक. बारीक अक्षरात नावं जास्त मावतात.

दस्तूरच पडला होता, आधी नावं आणि मग प्रश्न. प्रश्न आधी लिहिला तर रेडिओवाले तेवढाच वाचतात आणि नावांना "आणि इतर" म्हणून मोकळे होतात, असं बन्सीधररावांचं म्हणणं. खरं सांगायचं तर प्रश्नाचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. एकदा कपाशीच्या किडीवर उत्तर आलं, तर नावं संपताच अर्धी चावडी तंबाखू मळायला लागली होती. नामांतरावरून गावोगाव जाळपोळ झाली त्या सालापासून बौद्धवाड्यातलं कुणी चावडीची पायरी चढत नव्हतं. मंडळाच्या वहीतल्या त्यांच्या नावांवर बन्सीधररावांनी रेघ ओढली आणि म्हणाले, "तेवढीच जागा झाली." मी ते ऐकलं आणि गप्प बसले. एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

ऐंशी सालच्या दिवाळीआधी कासाबाई माझ्याकडे आली. कालवा येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. कालव्याच्या पाझरानं खालच्या अंगाला कायमचा चिखल झाला होता आणि त्यात हिरवंगार गवत माजलं होतं. सगळं रान वाळलं तरी तिची मेंढरं तिथं पोटभर चरायची. "कालवा मोठ्या लोकांचा, पाजर माजा," असं ती कौतुकानं सांगायची. त्या दिवशी मात्र तिचं तोंड उतरलेलं होतं.

"बाई, मेंढरं वाळायलीत," ती म्हणाली. "चरत्यात, पर अंगी लागंना. हनुवटीखाली पान्याची पिशवी लोंबायलीय. सकाळी बारीक असती, सांजच्याला मोठी व्हती. डोळ्याच्या आत बघावं तर पांढरंफट. चार गेली."

जनावरांच्या दवाखान्यात ती दोनदा पायी जाऊन आली होती. एकदा कुलूप होतं, एकदा कसली तरी भुकटी मिळाली. म्हणून आता रेडिओ. "त्येला इचारा," ती म्हणाली. "त्येला कुनाची भीडभाड न्हाई. खोटं कशाला बोलंल?"

तिचं बोलणं मी बालवाडीच्या पाटीवर जसंच्या तसं उतरून घेतलं. निघताना तिनं बाहेर ठेवलेला भारा डोक्यावर घेतला. पाझरातलं गवत होतं. "दुबळी झाल्यात, तितवर चालवत न्हाई त्यान्ला. कापून म्होरं टाकते," ती म्हणाली. मला तिचं कौतुक वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

संध्याकाळी पाटी घेऊन चावडीत गेले. बन्सीधरराव म्हणाले, "मेंढरं म्हंजी काय शेती न्हाई. पर असू द्या, मेहरबानी म्हनून घेऊ. हं, नावं लिव्हा." शेजारचा चंद्रभान पुढं सरकला. "माज्या पोराचं नाव बापासकट लिव्हा, बाई. चारठाण्याच्या पाव्हन्याच्या घरी रेडू हाय. सोयरीक चाललीय, त्यान्ला ऐकू जाऊ द्या." मग काय, प्रत्येकाला कुणीतरी पाहुणा आठवला. एकविसावं नाव लिहून झालं तेव्हा कार्डाच्या तळाशी दोन बोटं जागा उरली होती.

"कासाबाईचं नाव?" मी विचारलं.

"सभासद हाय का ती?" बन्सीधरराव म्हणाले.

दोन बोटांत मी लिहिलं, 'मेंढ्या मरत आहेत. उपाय सांगावा.' पिशवी, पांढरे डोळे, सगळं पाटीवरच राहिलं. दुसरं कार्ड घेता आलं असतं. तेव्हा सुचलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले.

दर बुधवारी कासाबाई मेंढरं कोंडून चावडीच्या पायरीखाली घोंगडी पांघरून उभी राहायची. वर बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. तिसऱ्या बुधवारी आमच्या गावाचं नाव निघालं. चावडी चिडीचूप झाली. निवेदक एकेक नाव सावकाश, मानानं वाचत होता. ज्याचं नाव येईल तो ताठ बसायचा आणि शेजारी त्याच्या पाठीवर थाप मारायचे. चंद्रभानच्या पोराचं नाव आलं तेव्हा चंद्रभाननं टोपी काढून पुन्हा नीट घातली. एकविसाव्या नावापर्यंत माझ्याही अंगावर काटा आला होता.

मग प्रश्न वाचला गेला आणि उत्तर देणारे डॉक्टर म्हणाले, "मंडळानं लक्षणं कळवलेली नाहीत. ती कळल्याशिवाय उपाय सांगणं अवघड आहे. सविस्तर लिहून पाठवावं." पुढचं पत्र सुरू झालं. ते कुणी ऐकलं नाही, कारण एकवीसच्या एकवीस नावं आली म्हणून बन्सीधररावांनी सगळ्यांना चहा सांगितला होता.

"बाई, लय येळ बोलला की," कासाबाई पायरीखालून म्हणाली. "दवा काय सांगितली?"

"पुढच्या वेळी सांगणार आहेत," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. "आनखी सा गेली," एवढंच म्हणाली आणि अंधार पडायच्या आत वाडग्याकडे निघाली.

घरी जाऊन मी दुसरं कार्ड लिहिलं. त्यात एकच नाव होतं, कासाबाईचं, आणि बाकी सगळी तिचीच वाक्यं. पण रेडिओ केंद्रात पत्रांचा ढीग असतो आणि आजाराला रांग माहीत नसते. दिवाळी गेली. रोज सकाळी वाडग्यात एखादं आडवं पडलेलं असायचं. ती भारे वाहतच होती. शेवटची सात उभी होती ती तिनं खाटकाला देऊन टाकली आणि त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. आठवडाभरात ती बन्सीधररावांच्या गव्हात खुरपायला जाऊ लागली. तिच्याच मेंढरांच्या खतानं पोसलेलं ते वावर.

पौषातल्या एका बुधवारी उत्तर आलं. कासाबाई आली नव्हती. येऊन करणार काय होती? रेडिओनं तिचं एकटीचं नाव घेतलं आणि डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, हे काळजातले, म्हणजे यकृतातले चपटे जंत. पाणथळ जागेतल्या गोगलगाईंपासून गवतावर येतात. तिथं मेंढ्या चारू नका, तिथलं गवत कापूनही घालू नका, आणि जंताचं औषध पाजा. वेळीच केलं तर बऱ्याच मेंढ्या वाचतात. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चावडीत मात्र भलतीच कुरबुर चालली होती, की मंडळाचं नाव का घेतलं नाही.

सकाळी मी वावराकडे निघाले. तिला जरा हलक्या हातानं सांगावं, असं मनात होतं. पण बन्सीधरराव माझ्याआधी बांधावर उभे होते.

"कासे, रेडिओनं सांगितलं बघ. पाजरावर चारून तूच मारलीस मेंढरं. आता कुनाला बोल लावू नको."

कासाबाईनं खुरपं खाली ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "खरं हाय का, बाई?"

मी मान डोलावली.

"म्या तर कापून कापून घातलं. ज्याला उठवंना त्येला हातानं चारलं." ती हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पर पिशवीचं म्या पयल्यांदाच सांगितलं हुतं की. लिवलं न्हवतं का त्या कार्डात?"

"जागा पुरली नाही."

"कशानं?"

"नावांनी."

"कुनाकुनाच्या?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं, म्हणूनच सांगणं भाग होतं. मी बन्सीधररावांपासून सुरुवात केली. त्यांनी खाकरून तोंड फिरवलं, पण गेले नाहीत. चंद्रभान, चंद्रभानचा पोरगा, पुढचे सगळे. जन्मात कधी मेंढरू न मोजलेली कासाबाई एकेका नावाला एकेक बोट मिटत होती. दोन्ही हातांची बोटं दोनदा मिटून झाली आणि मी थांबले.

"चावडीत तर एकवीस म्हनत हुते," ती म्हणाली.

एकविसावं नाव सत्यशीला, बालवाडी. सगळ्यांत बारीक अक्षरात लिहिलेलं. रेडिओवर ते ऐकू आलं तेव्हा मला खूप आनंद झाला होता.

"एक माझं," मी म्हणाले.

"तुमचं बी?" ती म्हणाली. मग तिनं खुरपं उचललं आणि आपल्या ओळीला लागली.