ती टिटवी नव्हती, असं मी म्हणालो

आई अकोल्याला अंथरुणाला खिळली आहे. मी दर शनिवारी मुलीला घेऊन अमरावतीहून तिच्याकडे जातो. या उन्हाळ्यात शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर टिटवीनं अंडी घातली. तिन्हीसांजेला ती ओरडली की आईचे हात थरथरायचे. टिटवी घरावरून ओरडत गेली तर चुलीत मीठ टाकायचं, म्हणजे तिची जीभ पोळते आणि ज्याला न्यायला आली त्याला ती सोडून जाते, असं आमच्या घरात मानत.

"मीठ टाक रे बाबू. मले न्यायले आली ते."

गॅसवर चिमूटभर मीठ टाकलं असतं तर भागलं असतं. पण मी म्हणालो, "टिटवी नाही ते, आई. दुसरंच पाखरू आहे."

"टिटवी नाही?"

"नाही. तुले आता बराबर आयकू येत नाही."

पाखरांची नावं मला तिनंच शिकवलेली. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिनं ते खरं मानलं. हात शांत झाले. मला बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी खिडकीतल्या जास्वंदीवर इवलंसं निळं-काळं पाखरू आलं.

"आजी, हमिंगबर्ड!" मुलगी ओरडली.

ते आपल्या देशात नसतं. आता आई तिला झापणार, याची मी वाट बघत होतो. ही तर फुलचुकी. फुलचुकी म्हणजे सासूच्या पूजेचं फूल आणायला चुकलेली सून. घरातून हाकलली, म्हणून अजून फुलाफुलाला विचारत फिरते. लहानपणी ही गोष्ट मी तिच्याकडून कितीदा ऐकली असेल.

आईनं माझ्याकडे बघितलं. "काय आहे रे ते?"

"तूच सांग ना."

"मले काय समजते आता? पोरगी म्हंते तेच असन."

आता ती कावळ्याचंही मला विचारून घेते. खरं सांगावं, तर ती टिटवीच होती आणि मीठ पडलं नाही, हेही तिला कळेल. न सांगावं, तर असंच एकेक पाखरू तिच्या हातून जाणार. दोन्हीकडून दोषी मीच.

काल टिटवी अगदी छपरावरून ओरडत गेली.

"कोनतं पाखरू होय रे?"

नाव तोंडाशी आलं होतं. "माहीत नाही," मी म्हणालो.

तिचे हात पुन्हा थरथरायला लागले.

"तुलेई नाही? मंग मी कोनाले इचारू?"