वाड्याच्या हॉटेलातली नथ

ती घटना आठवली की आजही माझे हात आपोआप जोडले जातात. मी रोह्याला महिला होमगार्ड होते. शिक्षण चौथीपर्यंत. त्या काळी ठाण्यात बाई पोलीस नव्हती, म्हणून बाईमाणसाची झडती घ्यायची असली की साहेब मला बोलावत.

कुंडलिकेच्या काठच्या एका जुन्या वाड्याचं मोठं हॉटेल केलं होतं. शहरातले पाहुणे तिथे इनामदारी थाटात राहायला येत. शिसवी पलंग, चांदीचे तांबे, आणि प्रत्येक खोलीत समईशेजारी तांदळाने भरलेलं पितळी माप. निघताना सवाष्ण पाहुणीची त्याच मापातल्या तांदळांनी ओटी भरायची, ही तिथली पद्धत.

एका दुपारी तिथल्या मॅनेजरचा ठाण्यात फोन आला. सासू-सुनेचं एक कुटुंब सकाळी हॉटेल सोडून निघालं होतं. कोलाडला चहाला थांबल्यावर सासूबाईंना आठवलं की नथ खोलीतच राहिली. परत येऊन बघतात तर नथ नाही. सासूबाई म्हणाल्या, कपाटात ठेवली होती. खोली आवरणारी मुलगी खाडीकडची, मिठागरात राबणाऱ्यांच्या घरातली. संशय तिच्यावर.

साहेबांनी हवालदारांना आणि मला बरोबर घेतलं. जिन्यावरचा गालिचा बघून हवालदार पुटपुटले, "बूट काढायचे, की आपणच बाहेर थांबायचं?"

मुलगी माजघरात उभी होती. मॅनेजरने सगळ्यांदेखत तिच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "कपाट कोणी उघडलं?"

"मी नाय साहेब. झाडलं, चादर बदलली. कपाटाला हात नाय लावला."

"मग नथ गेली कुठे?"

"म्हाईत असतं तर सांगितलं नसतं?"

"फिर्याद लिहून घ्या," मॅनेजर म्हणाला. "ही उद्यापासून इथे नको."

मुलगी मला हळूच म्हणाली, "ताई, साखरपुडा झालाय माझा. चोरीचं नाव लागलं तर मोडंल."

साहेब म्हणाले, "आधी झडती. दोन बायका पंच घ्या, दार लावून. फिर्यादीचं मग बघू." झडतीत काही निघालं नाही.

मग साहेबांनी मला सासूबाईंजवळ आतल्या खोलीत बसवलं, म्हणाले, घाई करू नका. मला परक्या माणसाशी बोलायचा संकोच. तेवढ्यात सून आत येऊन बोलून गेली, "लॉकर होता ना आई. नंबर लावायलासुद्धा शिकवलं होतं."

ती गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "त्या मुलीचं लग्न व्हायचंय का हो?"

"व्हय. साखरपुडा झालाय. मोडायची भीती आहे तिला."

त्यांनी दाराकडे पाहिलं, सून जवळ नाही याची खात्री केली. मग म्हणाल्या, "नथ कपाटात नव्हती. त्या तांदळाच्या मापात खुपसली होती. घरीही मी सोनं तांदळाच्या डब्यातच ठेवते. सून हसेल म्हणून कपाट म्हणाले. आल्या आल्या मापात हात घालून पाहिलं, पण नाही."

मी त्यांना तशीच साहेबांकडे घेऊन गेले. साहेबांनी मुलीला मापाचं विचारलं.

"त्यातल्याच तांदळांनी ह्यांची ओटी भरली ना. मग मी माप नव्याने भरलं."

ओटीचं गाठोडं गाडीत मागच्या सीटवर होतं. पंचांसमोर गाठ सोडली. नारळाखाली, तांदळात नथ होती.

"चोराने माल मालकाच्याच गाडीत पोचवला," हवालदार म्हणाले. सून हसली, पण सासूबाई हसल्या नाहीत. सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हणाल्या, "बाळ, चूक माझी."

मॅनेजर किल्ल्या टेबलावर ठेवू लागला. साहेब म्हणाले, "सगळ्यांदेखत घेतल्यात ना? मग तशाच तिच्या हातात द्या."

फिर्याद झाली नाही. स्टेशन डायरीत दोन ओळींची नोंद झाली, आणि त्या मुलीचं लग्न ठरल्या मुहूर्तावर जिते गावी झालं.

झडतीत अंगावरची वस्तू सापडते, मनातली नाही, हे मी त्या दिवशी शिकले. माणसाला बोलायला वेळ आणि आडोसा द्यावा लागतो. साहेबांनी दोन्ही दिलं, त्यांचे उपकार आहेतच. पण जास्त आठवतात त्या सासूबाई. त्या गप्प राहिल्या असत्या तर घरी ओटी सोडताना नथ त्यांना मिळालीच असती. आम्हाला कधी कळलं नसतं, आणि ती मुलगी जन्मभर चोर राहिली असती. सुनेसमोर हसं होण्याची लाज त्यांनी पत्करली. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. देवापुढे बसले की घेते.