सोजराबाईची रिकामी वलण

रावेतमध्ये कुणाच्या घरी पाळणा हलला की तिसऱ्या दिवशी सोजराबाई दारात हजर. "जुनेरं काढा," म्हणायची आणि बारशाच्या आत बाळाला वाकळ शिवून द्यायची. लेक सासरी निघाली की तिच्या गाठोड्यात सोजराबाईचीच वाकळ, आणि कुणाचं घर जळालं तरी पहिली वाकळ हिचीच. नवरा चिमाजी कुरकुरायचा, "गावाला पांघरूण घालतीया आन् आमी कुडकुडतोय." पण सुईत दोरा तोच ओवून द्यायचा, कारण बाईची नजर अधू झाली होती.

आता ज्या घरात एवढ्या वाकळा शिवल्या जातात तिथली वलण कशी भरलेली हवी! वलण म्हणजे आढ्याला टांगलेला आडवा बांबू. त्यावर घड्या करून रचलेल्या वाकळा हीच त्या काळी घराची शोभा आणि हीच घराची पत. सोयरीक करायला आलेली बाई आधी वलणीकडे बघायची, मग मुलीकडे. सोजराबाईच्या वलणीवर दोनच वाकळा होत्या, आणि त्यातल्या एकीवर मांजर व्यायलं होतं.

छप्पन्न साली तिच्या शालनला महाळुंग्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा मालोजी पिंपरीच्या औषधांच्या नव्या कारखान्यात लागलेला. शालननं त्याला चिंचवडच्या जत्रेत लांबून पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती भाकरी थापताना गुणगुणायची. आईला ते बरोबर कळलं होतं. मग निरोप आला, मुलाची आई गोजाबाई परवा घर बघायला येणार. सोजराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या उधळेपणापायी पोरीचं मोडणार, हेच तिच्या मनानं घेतलं.

शेजारची छबूबाई म्हणाली, "गप बस. गाव काय मेलंय व्हय?"

गोजाबाई यायच्या दिवशी सकाळीच चौदा घरच्या बायका एकेक वाकळ घेऊन आल्या. घरच्या दोन मांजरासकट आत सारल्या; वलण वाकली, तेव्हा उरलेल्या भिंतींवर टांगल्या. खणाचे तुकडे, इरकली काठ, जरीच्या पदराची नक्षी. दोन खणांचं ते घर नवरीसारखं सजलं. चिमाजी तर उंबऱ्यात थबकून म्हणाला, "चुकून दुसऱ्याच्या घरात आलो का काय?"

फक्त एक घोटाळा झाला. नदीवर धुताना वाकळा मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घर आपल्या वाकळेच्या कोपऱ्यात आपली खूण शिवून घ्यायचं. आणि बायकाच त्या! उसनी दिली म्हणून काय झालं, आपली वाकळ पाव्हण्यांना दिसायला नको? प्रत्येकीनं खुणेचा कोपरा मुद्दाम पुढं ठेवला होता. सोजराबाईच्या हे ध्यानात आलं तेव्हा गोजाबाई घोंगडीवर टेकली होती.

गोजाबाई बराच वेळ भिंती न्याहाळत राहिली. मग म्हणाली, "ह्यो नांगर कुणाचा?"

"सोनबाचा," सोजराबाईचा आवाज खोल गेला.

"ह्यो तराजू?"

"वाण्याचा."

"आन् ह्ये गाढव?"

"त्यो बैल हाय," दाराआडून छबूबाई फणकारली.

चिमाजीनं टोपी काढून तिच्यातच नजर घातली. सोजराबाईला वाटलं, आता लपवण्यात काय राम आहे? ती सरळ म्हणाली, "ह्यातली एकबी आमच्या घरची न्हाई. हात माझा हाय, पर वाकळा गावाच्या. तुमास्नी फसवायचं नव्हतं, पोरीसाठी केलं."

गोजाबाई उठली. एकेका वाकळेवरून तिनं हात फिरवला, टाके निरखले. सगळीकडे तोच बारीक, सरळ टाका. चौदाही वाकळा तिनं बोट लावून मोजल्या.

"माझ्या वलणीवर बावीस हायती," ती म्हणाली. "पर पाव्हणं यायचं म्हणलं तर शेजारीण बसायला पाट द्यायची न्हाई. तुमच्यासाठी आख्खं गाव भिंतीला टांगून घेतंय. लेक द्या आमास्नी, इहीणबाई."

सोजराबाईनं आजवर दिलेलं कधी मोजलं नव्हतं. आज परक्या बाईनं बोट लावून मोजलं. पदर तोंडाला लावून ती लगबगीनं स्वयंपाकघरात शिरली. चुलीपाशी बसलेल्या शालननं आईचे डोळे पाहिले आणि तिच्या हातातला गूळ खाली पडला.

"आये, मोडलं व्हय?"

"न्हाई गं," सोजराबाई हुंदका देत हसली, "चहा टाक. तुझी सासू थांबलीया."